बिल्टीचा कागद आणि सीमेपलीकडचा रस्ता

(उचगाव, जि. कोल्हापूर येथे लघुउद्योजक, मालवाहतूकदार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मालमोटारीचे महत्त्व उचगावच्या माणसाला सांगण्याची आवश्यकता नाही. पुणे-बंगळूर महामार्ग गावाच्या अंगावरून जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणत, आता त्याचा क्रमांक ४८ आहे. एका बाजूस शिरोलीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस गोकुळ शिरगाव, आणि लगतच गांधीनगरची कापडाची पेठ. फौंड्रीतली कास्टिंग्ज, कापडाचे गठ्ठे, गूळ, साखर असा नाना प्रकारचा माल तावडे हॉटेलच्या चौकातून अहोरात्र बाहेर पडत असतो. गाडीत काय भरले आहे, हे रस्त्यावरून जाणारा लहान मुलगाही ताडपत्रीच्या फुगवट्यावरून सांगेल. परंतु चालकाच्या डोक्यावरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत जे कागद असतात, त्यांत नेमके काय लिहिले आहे, हे गाडीचा मालक, मालाचा मालक आणि स्वतः चालक या तिघांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. गाडी सुखरूप पोहोचली तर त्यावाचून काही अडत नाही. अडते ते माल भिजल्यावर, पेट्या कमी भरल्यावर, गाडी सीमेवर थांबल्यावर. त्या क्षणी गाडीपेक्षा तो कागद मोठा होतो.

हा विषय परकीयांनी आपल्याला शिकविला, अशी एक समजूत आढळते. ती तितकीशी खरी नाही. मराठी भाषेत ‘हुंडेकरी’ हा शब्द जुना आहे. ठरावीक रकमेत वाटेवरची जकात धरून माल मुक्कामी पोहोचविण्याचा ठेका घेणारा तो हुंडेकरी. घाटावरून बंदरावर उतरणाऱ्या बैलतांड्यांच्या काळात प्रत्येक चौकीवर वेगळी जकात भरत बसण्याऐवजी व्यापारी हे ओझे हुंडेकऱ्यावर सोपवीत असे. तसाच ‘जोखमी हुंडी’ हा प्रकार. पाठविलेला माल मुक्कामी पोहोचला तरच ती हुंडी देय होई. वाटेत माल बुडाला तर हुंडीचे पैसेही बुडत. वाहतुकीचा करार, कर्ज आणि विमा या तिन्ही गोष्टी आपल्या पेढीवाल्यांनी एका कागदात बसविल्या होत्या. आजच्या आंतरराष्ट्रीय कागदपत्रांमागील प्रश्न तेच आहेत : माल कोणाच्या हवाली केला, तो कोणत्या स्थितीत होता, आणि वाटेत गेला तर कोणाचा गेला.

दोन प्रकारचे कागद

गाडीतील कागदांचे प्रथम दोन ढीग करावेत. एक ढीग सरकारसाठी. त्यात बीजक, ई-वे बिल, निर्यात असेल तर सीमाशुल्काची कागदपत्रे येतात. दुसरा ढीग माल देणारा, नेणारा आणि घेणारा या तिघांच्या आपसातील व्यवहाराचा. त्यात मुख्य कागद एकच, ज्याला कोणी बिल्टी म्हणतो, कोणी एल.आर., आणि कायदा ‘मालपावती’ म्हणतो. या दोन ढिगांची गल्लत महागात पडते. ई-वे बिल बिनचूक असले म्हणजे माल सुरक्षित आहे, असे अनेक कारखानदार समजतात. वास्तविक ई-वे बिलाचा नुकसानभरपाईशी संबंध नाही. ते करखात्याला माल हलल्याचे सांगते, इतकेच. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आंतरराज्य मालासाठी ते १ एप्रिल २०१८ पासून आवश्यक झाले, आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. कोल्हापूरहून न्हावाशेवा बंदर सुमारे चारशे किलोमीटर. म्हणजे हिशेब दोन दिवसांचा.

बिल्टीची गोष्ट वेगळी. आपल्या देशात १८६५ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यावर हा व्यवहार जवळजवळ दीड शतक चालला. ‘कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट’ २००७ साली संमत झाला आणि १ मार्च २०११ पासून अमलात आला. त्यानुसार माल पाठविणाऱ्याने प्रथम एक पाठवणीपत्र भरून द्यायचे असते. त्यात मालाचे वर्णन, वजन, किंमत ही माहिती द्यावी लागते आणि ती खरी असण्याची जबाबदारी त्याचीच राहते. मग वाहतूकदार तीन प्रतींत मालपावती करतो व मूळ प्रत माल पाठविणाऱ्याला देतो. ही पावती वजनाचा आणि त्यात लिहिलेल्या तपशिलाचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. प्रत्यक्षात काय होते? पाठवणीपत्र कोणी भरत नाही. मुनीम फोनवरून सांगतो, ट्रान्सपोर्टच्या कार्यालयातला मुलगा ‘मशिनरी पार्ट, ४० नग’ एवढे लिहितो आणि किमतीचा रकाना कोरा सोडतो.

त्या कोऱ्या रकान्याची किंमत किती, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावा. २०११ च्या नियमांनुसार माल गहाळ झाला किंवा खराब झाला, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित आहे, आणि तीही पाठवणीपत्रात जाहीर केलेल्या किमतीहून अधिक नाही. समजा, अठरा लाखांची कास्टिंग्ज बंदरावर पाठविली आणि भाडे बावीस हजार ठरले. मर्यादा झाली दोन लाख वीस हजार. उरलेल्या पावणेसोळा लाखांहून अधिक रकमेचे काय? ती हवी असेल तर मालाची किंमत जाहीर करून ‘जादा जोखमीचा दर’ आधी कबूल करावा लागतो, नाही तर स्वतंत्र विमा काढावा लागतो. हे दोन्ही गाडी निघण्यापूर्वीच करता येते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण या सभागृहात वाहतूकदारही बसले आहेत. पावतीच्या कोपऱ्यात ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारला की आपण मोकळे, अशी त्यांच्यापैकी अनेकांची धारणा असते. २००० साली ‘नाथ ब्रदर्स एक्झिम इंटरनॅशनल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच मुद्दा आला होता. निर्यातीचा माल दिल्लीहून मुंबईकडे निघाला होता आणि वाहतूकदाराच्या गोदामात आगीत नष्ट झाला. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ छापलेले होते. तेवढ्याने निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. शिक्का सर्वांकडे असतो. निकाल वाचलेला फार थोड्यांनी.

आणि मुदत! माल गेल्याची लेखी नोटीस वाहतूकदाराला माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत मिळाली नाही, तर दावाच दाखल करता येत नाही. दिवस मोजायचे ते नुकसान कळल्यापासून नव्हे, नोंदणीपासून. परदेशी ग्राहकाने तीन महिन्यांनी पेटी उघडली आणि गंज सापडल्याचे कळविले, म्हणजे अर्धी मुदत तिथेच संपलेली असते.

महापुराचे दिवस

२०१९ चा ऑगस्ट महिना या परिसरातला कोणीही विसरलेला नाही. पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि अनेक दिवस वाहतूक ठप्प झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच घडले. उभ्या गाड्यांच्या रांगा लागल्या, गावोगावच्या लोकांनी चालकांना जेवण दिले. ती आठवण या भूमीला भूषणावह आहे. तथापि त्या रांगांत कागदांचाही एक प्रश्न उभा होता. कायद्यात दैवी आपत्ती हा वाहतूकदाराचा बचाव आहे. परंतु त्याच कलमात एक अट आहे : योग्य दक्षता घेतली असती तर नुकसान टळले असते, असे दिसले तर तो बचाव टिकत नाही. पाणी येणार हे जाहीर झाल्यावर गाडी उंचावर हलविली की सखल जागी तशीच ठेवली, ताडपत्री होती की नव्हती, कोणाला केव्हा कळविले, यावर निकाल फिरतो. चालकाने भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र आणि मालकाला पाठविलेला वेळेसह संदेश येथे वकिलाच्या दहा पानांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. ई-वे बिलाची मुदत अशा वेळी वाढविता येते. मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढी खिडकी आजच्या नियमात आहे. ती चुकली तर करखात्याच्या दंडाला तोंड द्यावे लागते.

न्हावाशेव्याच्या पुढे

कोल्हापूरचे कास्टिंग न्हावाशेव्याहून जहाजाने हॅम्बुर्गला उतरते आणि तिथून पुन्हा मालमोटारीने एखाद्या पोलिश कारखान्याकडे जाते, असे उदाहरण घेऊ. एकच पेटी तीन कायद्यांच्या अमलाखालून गेली. घाटापर्यंत आपला २००७ चा कायदा. समुद्रावर जहाजी मालपावती, जिच्यासाठी १८५६ चा जुना कायदा जाऊन २०२५ साली नवा आला. आणि जर्मनीहून पोलंडला जाताना ‘सीएमआर’.

पोलंडचे नाव घेतले की उचगाव-गांधीनगरच्या जुन्या माणसांना वळिवडे आठवणारच. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे आश्रय मिळाला होता. स्वातंत्र्यानंतर त्याच छावणीच्या जागी सिंधी निर्वासित बांधव आले आणि गांधीनगर उभे राहिले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले, तो याच ऋणानुबंधाचा भाग. घर गमावलेल्या लोकांनी रिकाम्या केलेल्या बराकींत घर गमावलेले दुसरे लोक येतात आणि तिथून कापडाची पेठ उभी राहते, हा इतिहास आपल्या वेशीवरचा आहे. असो. मूळ विषयाकडे वळू.

सीएमआर हे १९ मे १९५६ रोजी जिनिव्हा येथे झालेल्या कराराचे फ्रेंच आद्याक्षरांवरून पडलेले नाव. २ जुलै १९६१ पासून तो अमलात आहे. माल स्वीकारण्याचे ठिकाण आणि देण्याचे ठिकाण दोन निरनिराळ्या देशांत असेल, आणि त्यांपैकी एक जरी करारातील देश असेल, तर रस्त्यावरील मालवाहतुकीला तो लागू होतो. भारत त्यात सहभागी नाही. पण युरोपच्या रस्त्यावर आपला माल चढला की तो त्याच्या कक्षेत येतो, आपल्याला ठाऊक असो वा नसो.

या करारातील मालपत्राच्या तीन मूळ प्रती होतात. पहिली माल पाठविणाऱ्याकडे, दुसरी मालासोबत, तिसरी वाहतूकदाराकडे. प्रचलित छापील नमुन्यात त्या लाल, निळ्या आणि हिरव्या रंगांनी ओळखल्या जातात. मालपत्र हरवले किंवा केलेच नाही, तरी करार रद्द होत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर अठराव्या चौकटीत आहे. त्या चौकटीत वाहतूकदाराने आपले आक्षेप लिहावयाचे असतात : पेट्या दोन कमी आहेत, एका पेटीची फळी तुटली आहे, आवेष्टन ओले आहे. चौकट कोरी राहिली तर कायदा असे गृहीत धरतो की, माल आणि आवेष्टन बाह्यतः चांगल्या स्थितीत होते आणि नग बरोबर होते. अर्थात वाहतूकदाराचे मौन त्याच्याविरुद्ध जाते. उलट मुक्कामी माल घेणाऱ्याचे मौन घेणाऱ्याविरुद्ध जाते. दिसणारे नुकसान त्याने तिथल्या तिथे नोंदवायचे; न दिसणारे सात दिवसांत, रविवार आणि सुट्ट्या वगळून, लेखी कळवायचे. विलंबाबद्दल एकवीस दिवस. सर्वसाधारण दाव्याची मुदत एक वर्ष, आणि हेतुपुरस्सर गैरवर्तन असेल तर तीन वर्षे.

भरपाईची मर्यादा तेथे भाड्यावर नव्हे, वजनावर ठरते. गहाळ मालाच्या दर किलोमागे ८.३३ एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक, अलीकडच्या काळात सव्वा ते दीड डॉलरच्या दरम्यान राहिलेले. मालाच्या प्रत्यक्ष किमतीहून अधिक मिळत नाही, हे खरेच. पण दहा टन कास्टिंग गेले, तर मर्यादा ८३,३०० एसडीआर, म्हणजे एक लाख डॉलरहून अधिक. आणि तेच दहा टन उचगाव ते न्हावाशेवा या टप्प्यात गेले तर दोन लाख वीस हजार रुपये! ही तफावत आपल्या वाहतूकदारावर टीका म्हणून सांगितलेली नाही. एका गाडीवर पोट असलेल्या माणसाला एक लाख डॉलरची जबाबदारी पेलणार नाही, हे उघड आहे. युरोपात ती विम्याच्या बळावर पेलली जाते. पण माल पाठविणाऱ्याने हे ओळखून चालावे की, त्याच्या पेटीच्या प्रवासातील सर्वात उघडा टप्पा परदेशात नसून घरापासून बंदरापर्यंतचा आहे.

येथे आपल्याच देशातील आणखी एक कायदा उपयोगी आहे, ज्याचे नाव क्वचित ऐकू येते. १९९३ चा बहुविध वाहतुकीचा कायदा. एकाच नोंदणीकृत वाहतूकदाराने रस्ता, समुद्र, पुन्हा रस्ता असा सारा प्रवास एका कागदावर पत्करला, तर हा कायदा लागतो. नुकसान कोणत्या टप्प्यावर झाले हे समजले, तर त्या टप्प्याच्या कायद्याप्रमाणे मर्यादा ठरते. समजले नाही, तर या कायद्याची स्वतःची मर्यादा. समुद्र किंवा नदीचा टप्पाच नसेल, तर ती मर्यादा दर किलोला ८.३३ एसडीआर आहे. युरोपच्या करारातील आकडा आपल्या संसदेने त्या कायद्यात घेतलेला आहे. म्हणजे ‘नुकसान कुठे झाले’ या प्रश्नाला लाखोंचे मोल आहे, आणि त्याचे उत्तर देणारी गोष्ट एकच : प्रत्येक हस्तांतराच्या वेळी कागदावर लिहिलेला शेरा.

निळी पाटी

युरोपात आणि मध्य आशियात काही मालमोटारींच्या पुढे-मागे निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘टीआयआर’ असे लिहिलेले असते. हुंडेकऱ्याची आठवण होते ती येथे. पाच देश ओलांडणाऱ्या गाडीला प्रत्येक देशात जकातीची हमी भरावी लागली आणि प्रत्येक सीमेवर माल उतरवून तपासावा लागला, तर प्रवास होणारच नाही. म्हणून निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याने माल तपासावा, गाडीच्या बंदिस्त भागाला मोहोर लावावी, आणि पुढच्या देशांनी सर्वसाधारणपणे फक्त मोहोर पाहावी. सोबत ‘कार्नेट’ नावाची पुस्तिका असते. तिच्यातील पाने दर देशाला दोन याप्रमाणे फाडली जातात, एक शिरताना, एक बाहेर पडताना. वाटेत माल गायब झाला तर त्या देशाच्या कराची हमी राष्ट्रीय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय साखळीने घेतलेली असते. १९७५ चा करार सध्या लागू आहे. पाकिस्तानने तो २०१५ साली स्वीकारला. भारताने १५ जून २०१७ रोजी स्वीकारला व १५ डिसेंबर २०१७ पासून तो आपल्याला लागू झाला. आपल्याकडे हमीची जबाबदारी ‘फिक्की’ या उद्योगसंस्थेकडे आहे. २०१९ च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानातून चाबहार बंदरामार्गे या पद्धतीने आलेला माल न्हावाशेव्याला उतरला. पाकिस्तानचा रस्ता बंद असताना मध्य आशियाशी व्यापार कसा करावा, या प्रश्नाला ते एक ठोस उत्तर होते.

मात्र शेजारच्या सीमांवर चित्र अजून जुनेच आहे. भूमार्गाने निर्यात करताना शिपिंग बिलाऐवजी ‘बिल ऑफ एक्स्पोर्ट’ भरावे लागते, हा साधा फरकही कित्येकांना सीमेवर गेल्यावर कळतो. रक्सौलहून वीरगंजला गेले की सीमाशुल्काला ‘भन्सार’ म्हणतात आणि तेथील घोषणापत्राला ‘प्रज्ञापन पत्र’. शब्द आपल्याच संस्कृतचे, पण कागद वेगळा. बांगलादेशच्या पेट्रापोल सीमेवर आपली गाडी ‘कार पास’वर बेनापोलच्या आवारापर्यंत जाते, माल तिथे उतरतो आणि गाडी परत फिरते. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांचा मोटारवाहन करार १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे झाला. भूतानने पुढे तो मंजूर केला नाही, आणि गाड्यांनी सरळ पलीकडे जाण्याची गोष्ट रेंगाळली. तेव्हा तासगावची द्राक्षे असोत की नाशिकचा कांदा, बेनापोलला दुसऱ्याच्या हाती जातो. त्या उतरवणीच्या वेळी नग मोजून चालकाने पावतीवर शेरा घेतला नाही, तर पुढची तूट त्याच्याच माथी येते.

१४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी आली, तेव्हा बंगालच्या सीमेवर शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. दोन गाड्या शेजारी उभ्या, दोन्हींत महाराष्ट्राचा कांदा, दोन्ही एकाच दिवशी पोहोचलेल्या असू शकतील. बंदीपूर्वी ज्या मालाला सीमाशुल्काची निर्यात-मंजुरी मिळाली होती, तो काही दिवसांनी सोडण्यात आला. ज्याची मंजुरी झाली नव्हती, तो मागे फिरला. तोवर उन्हात कांद्याला पाणी सुटले होते. बंदी योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे नाही. शेतकऱ्यांनी त्यावर आपला संताप तेव्हाच व्यक्त केला होता. येथे पाहायचे ते इतकेच की, दोन गाड्यांमधील फरक एका नोंदीचा होता.

आता माता-भगिनींना वाटेल की यात आपला काय संबंध. मुलाची बदली झाली, घर हलवायचे आहे, सामानाची गाडी दारात उभी आहे. वाहतूक कंपनीचा माणूस यादी पुढे करतो. ‘जुने, वापरलेले, ओरखडे असलेले’ असे प्रत्येक वस्तूपुढे आधीच छापलेले असते, आणि धावपळीत घरातील कोणी तरी सही करून टाकतो. ती वाहतूकदाराची अठरावी चौकटच आहे, त्याने आधीच भरून आणलेली. नव्या कपाटापुढचा तो शेरा खोडून ‘नवीन’ असे लिहिण्याचा आणि किंमत घालण्याचा अधिकार सही करणाऱ्याला आहे. मुक्कामी पोच देतानाही ‘माल तपासून मिळाला’ या छापील ओळीखाली, पेट्या अद्याप उघडलेल्या नसतील तर, ‘पेट्या न उघडता स्वीकारल्या’ असे चार शब्द लिहावेत, तारीख आणि वेळ घालावी, आणि मगच सही करावी. गाडीवाला घाई करील. त्याला चहा द्यावा, तोपर्यंत लिहून होते.